माझ्याआधी भट्टीपाशी

मुंबईहून परत आल्यापासून बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत जो तो विचारतो, समुद्र पाहिलास का, राणीची बाग पाहिलीस का. मी नाही म्हणतो. मग चार दिवस काय पाहिलंस, असं विचारलं की सांगतो, भट्ट्या. समोरच्याचा चेहरा लगेच पडतो. मुंबईला जाऊन भट्ट्या पाहून येणारा माणूस बेळगावात बहुधा मी पहिलाच असणार. समुद्राचं वर्णन पुष्कळांनी केलेलं आहे, त्यात मी आणखी भर घालत नाही. भट्ट्यांचं लिहितो, कारण तिथे माझ्या बाबतीत जे घडलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी घरचं थोडं सांगायला हवं. आमचं दुकान छिन्न्या, पटाश्या आणि कोयत्यांचं. हत्यार घडवणं हे अर्धंच काम असतं. त्याला पाणी देणं हे उरलेलं अर्धं. पोलाद लाल होईपर्यंत तापवायचं आणि बरोबर त्या घटकेला पाण्यात बुडवायचं, म्हणजे ते कडक होतं. कमी तापलं तर मऊ राहतं, जास्त तापलं तर काचेसारखं तुटतं. केव्हा काढायचं ते रंगावरून डोळ्यानंच ओळखायचं असतं. वडील होते तोवर हे काम त्यांचं होतं. ते चैत्रात गेले आणि चिमटा माझ्या हातात आला.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ वसंत उसाच्या चरकाचा एक गंजलेला बोल्ट तोडत होता. छिन्नी मी पाणी दिलेली. तिसऱ्या की चौथ्या घावाला पोलादाचा टवका उडाला आणि त्याच्या उजव्या डोळ्यात गेला. मिरजेला नेलं, पण डोळा काढावा लागला. छिन्नी मी उचलून पाहिली तर धारेवर खाच पडलेली. म्हणजे ती ठिसूळ होती, म्हणजे जास्त तापली होती, आणि तापवली होती मी. ती फडक्यात गुंडाळली ती पुन्हा उघडून पाहायचं मला धाडस झालं नाही.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात होता. आमच्या उघड्या कोळशाच्या भट्टीचा हा दोष, की माझ्या नजरेचा? भट्टीचा असेल तर भट्टी बदलता येईल. नजरेचा असेल तर मी पुन्हा कुठल्याही हत्याराला पाणी द्यायचं नाही, असं ठरवून टाकलं होतं. घरी सांगितलं, नवी भट्टी बघायला जातो. पिशवीत कपड्यांच्या तळाशी ती छिन्नी होती.

मिरजेला गाडी बराच वेळ थांबली. वसंत तिथेच आमच्या ताईकडे होता. ताईचं पत्र आलं होतं, वसंताला अंथरुणातून उठू देत नाहीत, इतक्यात येऊ नकोस. पत्र नसतं तरी मी उतरलो असतो का, सांगवत नाही. दवाखान्यात पोचवल्यापासून मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. मी फलाटावरून चहा घेतला आणि परत जागेवर येऊन बसलो.

लालबाग

राणे हा माझ्या वडिलांच्या हाताखाली तीन वर्षं शिकून मुंबईला गेलेला. मूळचा सावंतवाडीकडचा, आता एका गिरणीच्या वर्कशॉपात फिटर. लालबागच्या चाळीत दोन खोल्या. मी दारात उभा राहिलो तेव्हा त्याने मिठी मारली आणि मग माझ्याकडे दोन क्षण नुसता बघत राहिला.

"शंकऱ्या, जेवलंस काय रे?"

"जेवायचंय."

"मग बस. हात धू."

बेळगाव म्हैसूर राज्यात घातल्यापासून मुंबईत बेळगावच्या माणसाची किंमत फार वाढली आहे, हे मला त्या चाळीत समजलं. शेजारचे तिघे-चौघे मला बघायला आले. एकाने माझी पिशवी आत नेली, दुसऱ्याने खुर्ची आणली. "तुमच्याशिवाय आम्ही घेणार नाय महाराष्ट्र," असं एक म्हातारे मला छातीवर हात ठेवून म्हणाले. मी आणलेला कुंदा वाटला. आपल्याकडे पाहुण्यापुढे गोड आधी येतं. तिथे बांगड्याचं तिखलं आधी आलं आणि माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

राणेवहिनी म्हणाल्या, "तिखट लागला? सोलकडी घ्या. गेल्या वेळेक पण तुमच्या..." आणि एकदम थांबल्या.

मी गेल्या वेळी आलो नव्हतो. मी लालबागला कधीच आलो नव्हतो. राणेने मान खाली घालून भात कालवला. मला वाटलं, दुसऱ्या कुणा पाहुण्याशी गल्लत झाली असेल. हात पुसायला उठलो तेव्हा खिडकीच्या फळीवर एक छोटी निळी बाटली दिसली. तिला काचेची नळी आणि रबरी बोंड होतं, डोळ्यात औषध घालायच्या बाटलीला असतं तसं. पाणी पिऊन परत पाहिलं तर फळी रिकामी होती.

गिरगाव

राणेने तीन भट्ट्यांचे पत्ते लिहून दिले. "माका सुट्टी गावूची नाय. तू एकटो जा," म्हणाला. मी ट्रामने खेतवाडीला गेलो.

एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला वर्कशॉप होतं. दारातून आत पाय टाकला आणि काही दिसेना. बाहेर लख्ख ऊन, आत काळोख. सगळ्या खिडक्यांना गोणपाटं लावलेली. हे असं का, ते मला ठाऊक होतं, पण आपल्याकडे एवढं कुणी करत नाही. उन्हाच्या उजेडात लाल पोलाद आहे त्यापेक्षा कमी लाल दिसतं आणि माणूस फसून ते जास्त तापवतो. म्हणून पाणी देणाऱ्याने सावलीत बसावं, असं वडीलही सांगत. ही मुंबईची माणसं तर भर दुपारी अंधार करून बसतात.

"आलात परत?" दारातली माझी आकृती बघून आतून कुणीतरी विचारलं.

"मी पहिल्यांदाच येतोय," मी म्हणालो.

"हां, तोच आवाज. बेळगावचे ना? पंधरा दिवस झाले असतील. या, इकडं खड्डा आहे, सांभाळून."

बोलणाऱ्याचं नाव नाईक. डोळे सरावले तेव्हा तो ठेंगणा, जाड भिंगांचा चष्मा लावलेला माणूस दिसला. त्यानेही मला पाहिलं आणि जरा गोंधळला. "ते तुम्ही नव्हता का?" म्हणाला. "अंधारात काय कळतं. आवाज मात्र तुमचाच हो."

त्याची भट्टी बंद भट्टी होती. तिला ते लोक मफल म्हणतात. मातीची एक जाड पेटी, तिच्या बाहेरून सगळीकडून कोळशाचा जाळ, आणि हत्यार पेटीच्या आत. जाळ हत्याराला लागत नाही, धूर लागत नाही, नुसती धग लागते. आपल्या उघड्या भट्टीत पोलाद निखाऱ्यातच खुपसलेलं असतं. एक बाजू पांढरी होते तेव्हा दुसरी काळी असते. इथे चोहोबाजूंनी सारखा रंग. पेटीच्या दाराला बोट जाईल एवढं भोक होतं. त्याला डोळा लावला तर आतल्या छिन्न्या ओळीने लाल होऊन पडलेल्या, पेटीही लाल, आणि कशाचीच कड दिसेना. आत काहीतरी आहे हे समजत होतं पण कुठे संपतं ते समजत नव्हतं.

मी विचारलं, "उघड्या भट्टीत दिलेलं पाणी जास्त तापून फसलं, तर दोष भट्टीचा म्हणायचा की माणसाचा?"

नाईक हसला. "तेव्हाही हेच विचारलंत."

मी चहा न घेताच निघालो.

भायखळा

दुसऱ्या दिवशीची भट्टी मिठाची. असं सांगितलं की लोक हसतात, पण खरंच मीठ असतं, जेवणातलं नव्हे, दुसरं. लोखंडाच्या कढईत ते वितळवतात. वितळलं की पाण्यासारखं पातळ होतं आणि लाल उजेड देतं. त्यात हत्यारं तारेने टांगून सोडतात. हवा लागत नाही, त्यामुळे पोलादावर खवले धरत नाहीत, आणि कढईभर उष्णता एकसारखी. कढईत एक नळी बुडवलेली आणि भिंतीवर काटा असलेलं घड्याळासारखं यंत्र. काटा सांगेल तेवढी उष्णता. रंग बघायलाच नको.

मला त्या जागेची भीती वाटली ती आवाजामुळे, म्हणजे आवाज नसल्यामुळे. आमच्या भट्टीला भाता असतो, निखारे तडतडतात, माणसं ओरडून बोलतात. इथे जाळ दिसत नव्हता आणि कुणी बोलत नव्हतं. तोंडाला फडकी बांधलेले दोन कामगार तारा वर-खाली करत होते. कोपऱ्यातल्या एका झाकलेल्या कढईतलं मीठ विषारी होतं, म्हणून तिथे कुणी खात-पीत नाही, ओठांवर हातही नेत नाही. आणि पाण्याचा एक थेंब जरी कढईत पडला तरी सगळं अंगावर उडतं, म्हणून प्रत्येक हत्यार आधी भट्टीच्या कडेवर सुकवून घेतात. मला कपाळावरचा घाम पुसायला लावून मगच पुढे येऊ दिलं.

मी कढईत वाकून पाहिलं. लाल पातळ तळापर्यंत आरपार दिसत होतं आणि मधोमध एक छिन्नी स्तब्ध टांगलेली होती.

मी नुकताच "किती वेळ ठेवता?" असं विचारलं होतं. एका कामगाराने फडकं न काढता मान वर केली. हा उत्तरेकडचा भय्या, पण मराठी चांगलं बोलणारा.

"शेठ, मागच्या टायमाला पण विचारला ना. पण तेव्हा तुम्ही असा बघत होता." त्याने मान उजवीकडे पूर्ण वळवून, डावा डोळा पुढे करून दाखवलं.

उजव्या डोळ्याने दिसत नसलेला माणूस असाच बघणार. पण ज्याला दिसत नव्हतं तो मिरजेला अंथरुणावर होता. ताईने स्वतःच्या हाताने तसं लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी मी राणेला स्पष्ट विचारलं. "माझ्यासारख्या आवाजाचा कोण येऊन गेला रे त्या भट्ट्यांवर?"

"भास असतलो," राणे म्हणाला आणि बिडी पेटवायला बाहेर गेला. आत आला तेव्हा त्याने भलताच विषय काढला.

आता जे माझ्या मनात आलं ते लिहायला लाज वाटते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस आहे. पण मला वाटलं, वसंत गेला. मिरजेलाच गेला, मला कुणी कळवलं नाही, आणि जो प्रश्न मी विचारत फिरतोय तोच विचारत तो माझ्यापुढे फिरतो आहे. ज्या माणसाचा डोळा मी घेतला तो माझ्यापेक्षा आधी उत्तर मागणारच. रात्रभर मी पडून होतो, झोप कसली लागते.

हरताळ

तिसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. सकाळी गिरणीचा भोंगा वाजला नाही आणि त्याच्या न वाजण्यानेच सगळी चाळ जागी झाली. माणसं गॅलरीत येऊन एकमेकांकडे बघत उभी होती. ट्राम बंद, दुकानं बंद. गिरणीच्या चिमणीतून धूर नव्हता, त्यामुळे आभाळ नको तितकं स्वच्छ दिसत होतं. रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं निवांत झोपलं होतं.

मला ताईला तार करायची होती. पोस्ट बंद. दारावर हात आपटून पाहिला, आतून कुणी आलं नाही.

परत येताना मोर्चा लागला. भिंतीभिंतींवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलेलं होतं, तेच हजारो तोंडांतून येत होतं. चाळीतल्या त्या म्हाताऱ्यांनी मला पाहिलं, "बेळगावचो माणूस, पुढे घेवा रे त्याका!" म्हणून ओरडले, आणि चार हातांनी मला पार पुढच्या रांगेत नेऊन उभं केलं. माझ्या गावासाठी सगळी मुंबई ओरडत होती आणि माझ्या घशातून आवाज फुटत नव्हता. बाजूच्याला वाटलं, मला गहिवरून आलं आहे. त्याने माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून कुणीतरी हाक मारली, "काय बेळगावकर! डोळा कसा आहे आता?"

मी वळलो. पांढऱ्या टोपीतला एक माणूस माझ्याकडे बघून हात हलवत होता. त्याने मला नीट पाहिलं, त्याचं हसू मावळलं, आणि गर्दी त्याला पुढे घेऊन गेली. मी त्याच्यामागे ढकलाढकली करत गेलो. परळच्या नाक्यापर्यंत गेलो. तो सापडला नाही, माझी एक चप्पल मात्र गेली.

परळ

चौथ्या दिवशी मला कुठेच जायचं नव्हतं, सरळ मिरजेची गाडी धरायची होती. पण राणेच म्हणाला, "गमरे मास्तरांकडे जाऊन ये, मग जा. आज मी येतंय तुझ्यासोबत." त्याने सुट्टी घेतली होती. आदल्या दिवशी हरताळ झालेला असताना त्याने सुट्टी घ्यावी, यावरूनच मी समजायला हवं होतं.

गमरे मास्तर नायगावच्या बीडीडी चाळीत राहतात आणि परळला एका शेडमध्ये पाणी देण्याचं काम करतात. सगळ्या मुंबईतली अडलेली कामं त्यांच्याकडे येतात म्हणे. साठीचे, ताठ, पांढरा शर्ट, डोळ्यांवर निळ्या काचांचा चष्मा. शेडच्या काचा काळ्या रंगाने रंगवलेल्या. भिंतीवर बुद्धाची एक लहान तसबीर होती, एवढं दार उघडं असताना दिसलं. मग दार लावलं.

त्यांनी मला पेल्यातून पाणी दिलं. दोन वर्षांपूर्वी, आणि आमच्या गल्लीत, मी तो पेला घेताना इकडेतिकडे बघितलं असतं. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण त्यांनीही ते ओळखलं असावं. मी पाणी प्यायलो आणि पेला खाली ठेवला.

"तुमचा आवाज ओळखला मी," ते म्हणाले. "पण आधी तुमची नजर बघू."

त्यांची भट्टी विजेची. ना धूर, ना जाळ, नुसता एक बारीक गुणगुणाट. आत तारांची वेटोळी लाल होतात आणि तेवढ्याने पोलाद तापतं. तिलाही काट्याचं घड्याळ होतं, पण मास्तरांनी त्याच्यावर टोपी अडकवून ठेवली. एक पोलादी तुकडा आत ठेवला आणि मला भोकापाशी बसवलं.

"बघत राहा. पोलाद तापत तापत येतं आणि एका घटकेला आतून बदलतं. तेव्हा ते धग पिऊन घेतं, उजेड देत नाही. अंगावरनं सावली सरकते. ती सरकून गेली की काढायचं. दिसली की सांगा."

आमचे वडील याला काय म्हणत होते ते मला माहीत नाही. ते फक्त "आता" म्हणत आणि काढत. मी बघत बसलो. तुकडा काळा होता, मग काळपट तांबडा, मग लाल. शेडमध्ये कुणी हलत नव्हतं. आणि मग खरोखर, त्या पेटत्या तुकड्याच्या टोकापासून एक काळसर सावली उठली आणि कुणीतरी समोरून जावं तशी अंगावरून सावकाश सरकत गेली. भट्टीत कुणी नव्हतं. तिथे कुणी असणं शक्य नव्हतं.

"गेली," मी म्हणालो.

मास्तरांनी टोपी काढून घड्याळ पाहिलं. "बरोबर. तुमच्या नजरेला काही झालेलं नाही."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, एखादा श्वास घेण्याइतका. मग मी विचारलं, "म्हणजे दोष कोळशाचा?"

मास्तरांनी राणेकडे पाहिलं. राणे म्हणाला, "मास्तर, सांगा ना. ठरलाय तसा."

"तू सांगितलंस, त्यांनी सांगितलं, मी हो म्हटलं," मास्तर म्हणाले. "पण छिन्नी तेव्हा समोर नव्हती. आता तुम्ही ती आणलीच असणार. छिन्नी द्या."

मी पिशवीच्या तळातून फडकं काढून दिलं. मास्तरांनी ते उलगडलं आणि धारेकडे पाहिलंसुद्धा नाही. छिन्नी उलटी धरून तिच्या डोक्यावर, जिथे हातोडा बसतो तिथे, अंगठा फिरवला. मग फळीवरून एक औषधाची बाटली काढली. तिच्यात कापसावर तांदळाच्या कणीएवढा पोलादाचा तुकडा होता. चिमट्याने उचलून त्यांनी तो छिन्नीच्या डोक्याच्या कडेला टेकवला. तो तिथे तंतोतंत बसला.

"डॉक्टरांनी डोळ्यातनं काढलेला हा तुकडा," ते म्हणाले. "तुमचे बंधू ठेवून गेले. धारेची खाच बोल्टवर पडली असेल, तिनं कुणाचं वाईट केलेलं नाही. टवका डोक्याचा उडालाय."

त्यांनी कानस माझ्या हातात दिली. मी ती छिन्नीच्या डोक्यावर चालवली. एरवी डोकं मऊ असतं, तिथे कानस लागते आणि चुरा पडतो. माझ्या हातातली कानस काचेवरून घसरावी तशी किंचाळत घसरली. त्या अंधारात तो आवाज मला अजून ऐकू येतो.

छिन्नीच्या डोक्याला कधी पाणी द्यायचं नसतं. घाव तिथे बसतो, ते मऊच हवं. हे आमच्याकडे कालच्या उमेदवारालाही ठाऊक असतं. मी फक्त धारेकडचा भाग तापवतो आणि तेवढाच बुडवतो. डोक्यापासून टोकापर्यंत सबंध छिन्नी आमच्या दुकानात वर्षातून एकदाच बुडवतात.

खंडेनवमीला. वडिलांची रीत होती ती. त्या दिवशी एक नवी छिन्नी घडवायची, सबंध तापवायची, सबंध बुडवायची, कारण ती देवाची, हातोड्याची नव्हे. कुंकू लावून पूजेच्या पाटावर ठेवायची आणि दसऱ्यानंतर खुंटीवर टांगायची. जुनी तेव्हा खाली उतरायची, तिला तापवून, राखेत निवू देऊन मऊ करायचं आणि मग कामाला घ्यायचं. यंदा पूजा मी केली. छिन्नी मी घडवली, मी बुडवली. उसाचा हंगाम तोंडावर आलेला, गिऱ्हाईक दारात. मी पाटावरची सगळी हत्यारं गोळा केली आणि पेटीत टाकली. सगळी. खुंटीवर गेल्या वर्षीची छिन्नी तशीच लटकत होती, त्यामुळे काही राहिलं आहे असं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मी हे सगळं मास्तरांना सांगितलं. त्यांनी माझ्या हातातली कानस घेऊन फळीवर ठेवली.

"आम्ही पूजा सोडली," ते म्हणाले. "पण सोडली नसती तरी तापलेल्या पोलादाला मी आंघोळ घातली नसती. ते देव ओळखत नाही." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचे बंधू म्हणाले होते, भाऊ येईल, त्याला सांगा कोळशाचा दोष. मला नाही जमलं. त्यांना सांगा."

बाहेर येऊन राणेने सगळं कबूल केलं. वसंत बरा होऊन महिना झाला होता. मुंबईला काचेचा डोळा बसवायला आला होता, राणेकडेच उतरला होता, आणि डोळा तयार होईपर्यंत माझ्याच प्रश्नाचं उत्तर शोधत याच भट्ट्यांवर फिरला होता. मी येतोय हे माझं पत्र राणेला तेव्हाच आलं, आणि मला कोळशाचा दोष सांगायचा असं दोघांनी ठरवलं; ताईचं पत्रही वसंतानेच लिहवून घेतलेलं. मोर्चातला माणूस डोळ्याच्या दवाखान्यातला, त्याच्या शेजारी बसणारा.

"जिवंत आहे ना तो?" मी विचारलं.

"असो काय विचारतंस, मेल्या," राणे म्हणाला, आणि मी परळच्या रस्त्यावर, भर दिवसा, एका पायात राणेची जुनी चप्पल आणि दुसऱ्यात माझी, उभ्याउभ्या रडलो.

मिरज

या वेळी मी मिरजेला उतरलो. ताईने दार उघडलं आणि बाजूला झाली.

वसंत खिडकीशी बसला होता. त्याने मान पूर्ण वळवून माझ्याकडे पाहिलं. उजवा डोळा सुंदर होता, डाव्यापेक्षाही स्वच्छ, आणि तो माझ्याकडे बघत नव्हता.

"डोळा बसवल्याशिवाय तुझ्यासमोर यायचं नव्हतं," तो म्हणाला. "काय म्हणाले गमरे मास्तर?"

तो उत्तराची वाट बघत होता, आणि कुठलं उत्तर त्याला हवं होतं ते मला माहीत होतं. एकच शब्द बोलायचा होता. कोळसा.

"डोक्याला पाणी दिलेलं होतं," मी म्हणालो. "पूजेची छिन्नी होती ती, वसंता. खुंटीवर टांगायची मी विसरलो, पेटीत टाकली. कोळशाचा दोष नाही, नजरेचा नाही. माझाच."

त्याने मांडीवरचे हात उचलले आणि परत ठेवले.

"दादा," तो म्हणाला, "पेटीतनं काढली तेव्हा तिच्यावर कुंकू होतं. मला दिसलं होतं. मी अंगठ्यानं पुसलं, आणि घाव घातला."

ताई चहा ठेवून गेली, तो गार झाला. वसंताचा डावा डोळा भरून आला आणि पाठोपाठ उजवाही. काचेच्या डोळ्यातून पाणी येतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.